प्रवासातली छोटी अँटेना: आधी ठरवा, बोलायचंय कुणाशी?

कोयनाकाठ

मंडळी, नमस्कार.

हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारी संभाषणाचं, नवीन लायसन्स मिळालेले बरेच जण विचारतात की गावी, ट्रेकला किंवा कामानिमित्त बाहेर जाताना रेडिओ सोबत न्यायचा तर अँटेना कुठली घ्यावी. एकेकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच सविस्तर लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

रिगचा, म्हणजे रेडिओ संचाचा, प्रश्न आता राहिलेला नाही. २००० साली याएसूची एफटी-८१७ आली तेव्हापासून खांद्यावरच्या पिशवीत मावणारे पाच वॅटचे संच मिळू लागले. आज आयकॉमची आयसी-७०५ आहे, २० वॅटची शिएगू जी-९० आहे, शिवाय लोक स्वतः जोडतात ते किट आहेत. बॅटऱ्याही हलक्या झाल्या. घोडं अडतं ते अँटेनापाशी, कारण ७.१ मेगाहर्ट्झची लहर ४२ मीटरचीच राहते, पिशवी कितीही लहान घ्या.

माझं म्हणणं एवढंच आहे की छोटी अँटेना निवडताना तिची लांबी किंवा किंमत बघण्याआधी बोलायचंय कुणाशी ते ठरवा. पुण्या-कोल्हापूरच्या, नागपूर-हैदराबादच्या दोस्तांशी सकाळी गप्पा मारायच्या असतील तर एक अँटेना लागते. दुबई, युरोप, जपान गाठायचं असेल तर वेगळी. एकाच अँटेनाकडून दोन्हीची अपेक्षा ठेवली की माणूस वैतागतो आणि दोष पाच वॅटला देतो. पाच वॅट आणि शंभर वॅट यांत १३ डेसिबलचा फरक, म्हणजे सिग्नलचा जोर दाखवणाऱ्या एस-मीटरवर दोनेक घरं. चुकीची अँटेना याहून जास्त खाते.

पहिली गोष्ट जवळच्या अंतराची. चारपाचशे किलोमीटरच्या आतल्या स्टेशनशी ४० मीटर बँडवर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास, बोलायचं, तर लहर जवळपास सरळ डोक्यावर जाऊन आयनोस्फिअरवरून खाली यायला हवी. यालाच एनव्हीआयएस म्हणतात. आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे दिवसा वरचा थर ७ मेगाहर्ट्झ उभ्याने परतवण्याइतका सहसा दाट असतो. सह्याद्रीत हे वरदानच आहे. तुम्ही खोल दरीत बसलेले असलात तरी वरून येणाऱ्या लहरीला डोंगर आडवा येत नाही. यासाठी लागतो तो आडवा, बुटका डायपोल, म्हणजे मध्यातून जोडलेली, दोन सारख्या बाजूंची तार. पाच-सहा मीटर उंची पुरते. टॉवर नको, एकाच दिशेला फेकणारा बीम नको.

मी नेतो तो जोडतुकड्यांचा डायपोल, म्हणजे लिंक्ड डायपोल. मेगाहर्ट्झने १४२.५ ला भागलं की अर्ध्या लहरीच्या तारेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ साठी २० मीटर, म्हणजे प्रत्येक बाजूला १० मीटर. १४.२ साठी प्रत्येक बाजूला ५ मीटर. मग दोन्ही बाजूंना ५ मीटरवर तार कापायची, मध्ये प्लॅस्टिकचा छोटा तुकडा बांधायचा आणि दोन टोकं मगरचिमट्याने जोडता येतील अशी ठेवायची. चिमटा लावला की ४० मीटर, काढला की २० मीटर. रिग आणि अँटेना जुळवणारा ट्यूनर लागत नाही. प्लॅस्टिकचं आवरण असलेली तार हिशोबापेक्षा दोन-तीन टक्के आखूड भरते, पण आधी कापू नका. लांब ठेवा, टोक मागे दुमडून तारेलाच गुंडाळा, एसडब्ल्यूआर (अँटेना रिगशी किती जुळली ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितकी जुळणी चांगली) बघा आणि मग कात्री लावा.

मधला भाग फायबरग्लासच्या गळाच्या काठीवर चढवायचा. सहा-सात मीटरची घडीची काठी मिटल्यावर पिशवीला बाहेरून बांधता येते. कार्बन फायबरची घेऊ नका, ती वीज वाहते आणि अँटेना बिघडवते. काठी उभी केली की दोन्ही बाजू उतरत्या घेऊन टोकं दीड-दोन मीटरवर झुडपांना नायलॉनच्या दोरीने ताणायची. ४० मीटरच्या या इन्व्हर्टेड व्हीला एका रेषेत साधारण १८ मीटर मोकळी जागा लागते. बहुतेक पठारांवर ती मिळते. टोकाशी व्होल्टेज जास्त असतं, म्हणून पोरं किंवा गुरं फिरत असतील तिथे टोकं डोक्याच्या वर ठेवा आणि दोरीला रंगीत चिंधी बांधा.

दुसरी गोष्ट लांबच्या अंतराची. इथे उभी तार बरी पडते, कारण ती क्षितिजालगत फेकते. स्टीलची साडेपाच मीटरची घडीची व्हिप, म्हणजे काठीसारखी उभी अँटेना, आता सहज मिळते. २० मीटर बँडला पाव लहर म्हणजे ५ मीटर, त्यामुळे कॉइल न लावता ती अख्खी चालते. १५ आणि १० मीटरसाठी ती मिटवून आखूड करायची, २८.४ मेगाहर्ट्झला अडीच मीटर पुरते. पंचविसावं सौरचक्र (सूर्यावरच्या डागांचा चढउतार) २०२४ च्या आसपास शिखरावर पोचलं, तेव्हापासून वरच्या बँडवर पाच वॅटमध्ये जे जमतंय ते बघून नवीन मुलं खुळावली आहेत. छोट्या अँटेनाला वरचा बँड नेहमीच मानवतो.

पण उभ्या तारेचं अर्धं अंग जमिनीवर असतं, आणि ते लोक घरी ठेवून येतात. निदान चार रेडियल, म्हणजे बुडाशी जोडलेल्या जमिनीवरच्या तारा, प्रत्येक ५ मीटरच्या आसपास, चार दिशांना पसरायच्या. जमिनीवर पडलेल्या रेडियलची लांबी तंतोतंत नसली तरी चालतं, संख्या महत्त्वाची. कातळावर खुंटी ठोकता येत नाही तिथे टोकावर दगड ठेवा.

एक सांगतो, ते करून बघा. खडकाळ जागी व्हिप उभी करा, एकच रेडियल लावा आणि ॲनालायझरवर (अँटेना मोजणाऱ्या यंत्रावर) रेझिस्टन्स बघा. तो ५० च्या आसपास किंवा वर दिसेल, एसडब्ल्यूआर मस्त दिसेल. आता एकेक रेडियल वाढवा. रेझिस्टन्स खाली सरकत ४० कडे जाईल आणि एसडब्ल्यूआर थोडा वाढेल. अँटेना मात्र सुधारत असते. पाव लहरीच्या तारेचा स्वतःचा हिस्सा ३६ ओहमच्या आसपास असतो, वरचे ओहम म्हणजे जमीन तापवण्यात गेलेली तुमची पॉवर. म्हणून उभ्या अँटेनाच्या बाबतीत १.१ च्या एसडब्ल्यूआरवर खूश होऊन थांबू नका. १.४ वाली जास्त चांगली असू शकते.

गडांबद्दल एक विनंती. रायगड, राजगड, साल्हेर, लोहगड, पन्हाळ्यासह बारा किल्ले जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले. यादीत नसलेले गडही आपलेच आहेत. तटबंदीत खुंटी ठोकायची नाही, बुरुजाच्या दगडांत काठी खुपसायची नाही, तोफेला तार बांधायची नाही. मोकळ्या माचीवर दगडांचा आधार देऊन काठी उभी राहते. आणि एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर वळवाचे ढग दिसले की अँटेना खाली, रिगची पिन काढलेली आणि आपणही खाली.

पाटाचंपाणी

कोयनाकाठ दादा, खूप दिवसांपासून असं काही मराठीत वाचायचं होतं. मी नाशिकजवळ राहतो, कॉलेजात आहे, लायसन्सचा रिस्ट्रिक्टेड ग्रेड नुकताच मिळालाय. रिगच्या मागे थेट लावायची सव्वा मीटरची कॉइलवाली व्हिप ऑनलाइन मिळते आहे, ४० मीटरची. पिशवीत सहज मावते. सकाळच्या गप्पांमध्ये सामील व्हायला चालेल का? पैसे जपून वापरायचे आहेत.

व्हॉल्व्हवाले काका

बाळा, पैसे राखून ठेव. गणितच सांगतो.

आखूड उभ्या तारेचा रेडिएशन रेझिस्टन्स, म्हणजे लहर हवेत फेकण्यात कामी येणारा हिस्सा, काढायचा तर लांबीला लहरीने भागायचं, वर्ग करायचा आणि ३९५ ने गुणायचं. ४० मीटरवर १.३ मीटरची तार धरली तर येतात ०.३७ ओहम. कॉइल कितीही चांगली असली तरी तिचा रेझिस्टन्स आठ-दहा ओहम. जमिनीचा आणखी वीस धर. म्हणजे तीसएक ओहमांपैकी ०.३७ कामाचे. पाच वॅटमधले साठ मिलिवॅट हवेत, बाकी सगळी उष्णता.

आता साडेपाच नव्हे, ५.२ मीटरचीच व्हिप धर आणि बुडाशी कॉइल लाव. तोच हिशोब ६ ओहमवर जातो. वीस-पंचवीस ओहमांच्या तोट्यासमोर साधारण पाचवा हिस्सा बाहेर पडतो. पूर्ण अँटेनाच्या तुलनेत सात डेसिबल कमी, एस-मीटरवर एक घर आणि किंचित. तेवढं चालवून घेता येतं. म्हणजे लांबी चौपट केली तर काम सोळापट झालं. हा वर्गाचा खेळ ज्याच्या डोक्यात बसला त्याला कुणी जाहिरातवाला फसवू शकत नाही.

आणि धागाकर्त्याने म्हटलंय तेच परत: सकाळच्या गप्पांना उभी व्हिप लागूच पडत नाही. नाशिक ते पुणे दीड-दोनशे किलोमीटर. तुला लहर डोक्यावर फेकायची आहे आणि उभी तार नेमकी डोक्यावरच सर्वात कमी फेकते. वीस मीटर लवचीक तार घे, पुण्याला बुधवार पेठेत पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मीटरवर मिळते. ०.७५ चौरस मिलिमीटरची साधी घरगुती वायर चालेल. सगळं मिळून त्या व्हिपच्या किमतीच्या लहानशा भागात होईल आणि आयुष्यभर पुरेल.

पाटाचंपाणी

काका, समजलं. वायरच घेतो. काठीऐवजी झाड चालेल ना? आणि मधल्या तुकड्याला बॅलन लागेल का?

व्हॉल्व्हवाले काका

झाड उत्तम. दोरीला छोटी पाण्याची बाटली बांधून फांदीवरून टाक, दगड बांधू नको, परत येताना डोक्यात बसतो. पाच-दहा वॅटला बॅलन नसला तरी बोलणं होतं, पण कोॲक्सच्या (रिगपासून अँटेनापर्यंतच्या केबलच्या) बाहेरच्या अंगावर करंट फिरतो आणि कधी माइक हाताला चावतो. फेराइट रिंगवर कोॲक्सचे आठ-दहा वेढे घेऊन मध्यापाशी लाव, तो करंट अडवणारा हाच बॅलन. ४३ किंवा ३१ मिक्सची (म्हणजे फेराइटच्या त्या प्रकारची) रिंग बघ.

कोॲक्स मात्र विचार करून घे. बारीक आरजी-१७४ वजनाला हलकी म्हणून सगळे नेतात. दहा मीटर तुकडा २० मीटर बँडवर एक डेसिबलपेक्षा थोडं जास्त खातो, त्याची फिकीर नको. तोच तुकडा १४५ मेगाहर्ट्झला लावलास तर निम्म्याहून अधिक पॉवर केबलमध्येच जिरते. तिथे आरजी-५८ किंवा त्याहून जाड, आणि तीही आखूड.

मीठगर

कोयनाकाठ, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी गुहागरच्या बाजूची. तुम्ही उभ्या तारेबद्दल लिहिलंत त्यात समुद्राचा उल्लेख हवाच होता, म्हणून भर घालते.

आमच्याकडची जमीन जांभ्याची. रेडियलच्या दृष्टीने अगदी दरिद्री. अंगणात व्हिप उभी केली तर युरोप ऐकू येतो, पण आपल्याला कुणी उत्तर देत नाही. तीच व्हिप, तीच रिग, तीच बॅटरी घेऊन पुळणीवर गेलं की चित्र पालटतं. कारण सरळ आहे. समुद्राच्या पाण्याची वाहकता मीटरला ५ सीमेन्सच्या आसपास, सर्वसाधारण मातीची ०.००५. हजारपटीचा फरक, आणि खडकाळ जमिनीशी तुलना केली तर त्याहून जास्त. क्षितिजाकडे अगदी खालच्या कोनात जाणारी लहर जमिनीवर गिळली जाते, खाऱ्या पाण्यावर गिळली जात नाही.

मी काय करते ते सांगते. भरतीचं वेळापत्रक बघते आणि पाणी चढत असताना ओल्या वाळूच्या कडेला तिवई लावते. तिवईचा एकेक पाय वाळूत वीतभर दाबायचा आणि मध्यभागी वाळूने भरलेली कापडी पिशवी टांगायची, नाहीतर खारा वारा व्हिप आडवी करतो. रेडियल दोन पाण्याच्या दिशेने, दोन किनाऱ्याला समांतर. पश्चिमेला अख्खा अरबी समुद्र मोकळा. संध्याकाळी २० मीटरवर आखात आणि युरोप अशा जोराने येतात की नवख्याला वाटेल कुणी जवळूनच बोलतंय. पण रत्नागिरीचं स्टेशन त्याच वेळी ऐकू येत नाही, ही गंमत प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगावी लागते.

घरी आल्यावर व्हिपचा प्रत्येक टप्पा गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायचा, सुकवायचा, मगच मिटायचा. एक दिवस तसाच ठेवला तर टप्पे चिकटतात आणि संपर्क जातो. जोडांना ग्रीस लावू नका, त्याला वाळू धरते.

काजूबोंड

मीठगर ताई, माडावर तार टाकली तर? आमच्या वाडीत माड भरपूर.

मीठगर

टाका की. २० मीटर तार एका टोकाने फीड करायची, ज्याला एंड-फेड हाफ-वेव्ह म्हणतात, ती माडाला फार सोयीची. एक टोक वर, दुसरं खाली ४९:१ च्या ट्रान्सफॉर्मरवर, आणि जमिनीकडच्या बाजूला दीड-दोन मीटरचा काउंटरपॉइज, म्हणजे रेडियलसारखीच छोटी तार. ४०, २०, १५, १० असे चारही बँड ट्यूनरशिवाय किंवा किरकोळ ट्यूनरने होतात. टोकाशी इम्पिडन्स अडीच-तीन हजार ओहम असतो म्हणून ट्रान्सफॉर्मर लागतो, वेढ्यांचं प्रमाण १ ला ७. एफटी१४०-४३ रिंगवर घरी गुंडाळता येतो. फक्त वाडीतून विजेच्या तारा कुठून जातात ते आधी बघा. त्या ओलांडून दोरी टाकायचीच नाही, कितीही उंच वाटल्या तरी.

तिकीटतपासनीस

त्या शेवटच्या वाक्याखाली माझीही सही. रेल्वेत आयुष्य गेलं म्हणून सांगतो, रुळांवरच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. तार शिवावी लागत नाही, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. स्टेशनच्या फलाटावर, पादचारी पुलावर, यार्डाच्या कडेला काठी काढायचीच नाही. हँडीसुद्धा (हातात धरायचा छोटा संच) पिशवीतच बरी.

सांताक्लारावासी

बे एरियातून लिहितोय. इकडे उद्यानांतून रेडिओवर बोलण्याच्या पार्क्स ऑन द एअर या कार्यक्रमामुळे शनिवार-रविवारी प्रत्येक उद्यानात कुणी ना कुणी टेबलावर रिग मांडून बसलेला दिसतो. एका यूटीसी (जागतिक प्रमाणवेळेच्या) दिवसात दहा संपर्क झाले की ते उद्यान तुमच्या नावावर लागतं. डोंगरवाल्यांचा समिट्स ऑन द एअर हा जुना कार्यक्रम, २००२ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला. तिथे गुण मिळायला चार संपर्क पुरतात. छोट्या अँटेनांची जी भरभराट झाली आहे ती बरीचशी या दोघांमुळे.

भारतातून इकडे मुलांकडे येणाऱ्या आई-बाबांमध्येही हॅम असतात, त्यांच्यासाठी. भारत आणि अमेरिका यांच्यात परस्पर मान्यता आहे, त्यामुळे भारतीय नागरिकाला आपल्या भारतीय लायसन्सवर इथे बोलता येतं. कॉलसाइनच्या आधी इथल्या विभागाचं चिन्ह लावायचं. पण दोन्ही देशांचे नियम एकाच वेळी लागू होतात. उदाहरणार्थ ४० मीटर: भारतात ७.० ते ७.२, आणि इथे मुख्य भूमीवर आवाजी बोलणं ७.१२५ च्या खाली चालत नाही. म्हणजे पाहुण्याला बोलायला ७.१२५ ते ७.२ एवढीच पट्टी उरते. मूळ लायसन्स जवळ ठेवा.

अँटेनाबद्दल मत: इथल्या बऱ्याच उद्यानांत झाडाला दोरी बांधू देत नाहीत, म्हणून तिवईवरची व्हिप. घरमालकांच्या सोसायट्या अँटेना लावू देत नाहीत, म्हणून गॅलरीत मॅग्नेटिक लूप, म्हणजे कपॅसिटरने जुळवायचं छोटं कडं. लूपला इथे कुणी हात घातला नाही याचं आश्चर्य वाटलं. हॉटेलच्या गॅलरीत लूपसारखं दुसरं काही नाही.

कोयनाकाठ

लूपबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते आकड्यांवर आहे. एक मीटर व्यासाची लूप २० मीटर बँडवर ०.१ ओहमच्या आसपास रेडिएशन रेझिस्टन्स देते. अर्ध्या इंची तांब्याच्या नळीचा स्वतःचा रेझिस्टन्स ०.०८ ओहमच्या आसपास. म्हणजे कपॅसिटर आणि जोड चांगले असतील तर निम्मी पॉवर बाहेर, जे छानच आहे. तीच लूप ४० मीटरवर नेली की रेडिएशन रेझिस्टन्स ०.००६ ओहम होतो. नळी तेवढीच, तोटा जवळपास तेवढाच. आता दहावा हिस्सा बाहेर. आणि प्रवासातल्या लूप नळीच्या नसतात, कोॲक्सच्या असतात, त्यामुळे याहून कमी. तेव्हा लूप २० ते १० मीटरसाठी घ्यावी. 'सर्व बँड' असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी ४० मीटरची आशा धरू नये.

सांताक्लारावासी

आकडे मान्य. पण कोयनाकाठ, तुम्ही फक्त पाठवण्याचा हिशोब मांडलात. हॉटेलात खरी अडचण ऐकण्याची असते. लिफ्टची मोटर, एलईडी दिवे, एसीचा इन्व्हर्टर, प्रत्येक खोलीतले चार्जर: एस-सात-आठचा सततचा गोंगाट. लूप हाताने फिरवली की तिच्या पाठीच्या दिशेने येणारा आवाज बसतो. मी रिसीव्हरवर कान ठेवून सावकाश फिरवतो, एका कोनात गोंगाट एकदम तीन-चार घरं खाली येतो आणि त्याखाली दडलेलं स्टेशन वर येतं. तारेने हे होत नाही. आपल्याला ऐकूच आलं नाही तर पाठवलेले वॅट कुणाच्या कामाचे?

कोयनाकाठ

हा मुद्दा शंभर टक्के खरा, आणि मी तो मूळ लेखात घ्यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. हॉटेल आणि शहरातलं घर यांसाठी लूप, हे मान्य. मोकळ्या रानात तार.

फक्त नव्या मंडळींसाठी दोन सावधगिऱ्या. लूपची बँडविड्थ फार अरुंद असते, थोडं सरकलं की कपॅसिटर परत जुळवावा लागतो. त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बसून काम करणाऱ्याला, विशेषतः एफटी-८ (संगणकावरून चालणारी डिजिटल पद्धत) वाल्यांना ती जास्त मानवते. आणि दहा वॅटलाही कपॅसिटरवर हजाराहून जास्त व्होल्ट उभे राहतात. पाठवताना लूपला हात नाही, खोलीत लहान मूल असेल तर लूप गॅलरीत आणि दार बंद.

सह्यकडा

वाचनखूण साठवली. एफटी-८ चा विषय निघालाच आहे तर एक उपयोग सांगतो. छोट्या दोन अँटेनांत कुठली बरी, हा वाद गप्पांत सुटत नाही. एकाच जागी, पाठोपाठ, १४.०७४ वर दोन्हींतून पाचेक मिनिटं सीक्यू (सगळ्यांना हाक) द्या आणि पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळावर कुणी किती डेसिबलने ऐकलं ते बघा. तीच तीच स्टेशनं दोन्ही यादीत शोधून त्यांचीच तुलना करा, कारण बँड सतत हलत असतो. अदलाबदल दोन-तीन वेळा करा म्हणजे क्यूएसबीचा, म्हणजे सिग्नल कमीजास्त होण्याचा, घोळ निघून जातो. कळसूबाईवर, १६४६ मीटर उंचीवर, मी व्हिप आणि इन्व्हर्टेड व्ही अशा ताडून बघितल्या. युरोपकडे व्हिप थोडी पुढे, भारतातल्या स्टेशनांकडे व्ही खूपच पुढे. धाग्याच्या शीर्षकातला प्रश्न बरोबरच आहे.

अनवट

मी हॅम नाही, ट्रेकर आहे. आमच्या ग्रुपला गडावर मोबाइलची रेंज मिळत नाही म्हणून हा धागा उघडला. हँडी घेऊन गेलो तर एकमेकांशी बोलता येईल ना? त्याची छोटी अँटेना चालते का?

मीठगर

अनवट, आधी लायसन्स, मग हँडी. आपल्याकडे ॲमेच्युअर रेडिओसाठी परीक्षा द्यावी लागते, ती डब्ल्यूपीसी (केंद्र सरकारचा बिनतारी विभाग) घेते. दोन ग्रेड आहेत, रिस्ट्रिक्टेड आणि जनरल. जनरलला मोर्स लागतो. अभ्यास मुळीच अवघड नाही, शाळेतल्या विज्ञानाच्या थोडा पुढे. ग्रुपमधल्या सगळ्यांनी मिळून करा, पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर सगळीकडे शिकवणारे हौशी लोक आहेत. लायसन्स नसताना हँडीवर बोलणं गुन्हा आहे, आणि गडावर पोलिसांनी विचारलं तर सांगायला काही नसतं.

तोवर शिकून ठेवण्याजोगी एक गोष्ट. हँडीसोबतची रबराची अँटेना सोयीची, पण बिचारी अर्धीच असते. दुसरं अंग म्हणजे तुमचा हात. १४५ मेगाहर्ट्झची पाव लहर ४९ सेंटिमीटर. तेवढी साधी वायर अँटेनाच्या बुडाच्या कड्याला जोडून खाली लोंबती सोडा. याला टायगर टेल म्हणतात. खर्च जवळपास शून्य, आणि दरीतून रिपीटर (आपला सिग्नल उंचावरून पुढे पाठवणारं स्टेशन) उघडत नव्हता तो उघडतो.

व्हॉल्व्हवाले काका

लायसन्स असलेल्यांनीही त्यावरच्या अटी प्रवासाआधी वाचाव्यात. पत्त्याबाहेरून, दुसऱ्या ठिकाणाहून स्टेशन चालवण्याबद्दल आपल्या कागदावर काय लिहिलंय ते माहीत पाहिजे. मूळ प्रत आणि एक झेरॉक्स सोबत. गावाजवळ असाल तर पोलीस पाटलाला, जंगलात असाल तर वनखात्याच्या चौकीवर आधी जाऊन सांगा. उंच काठी, तारा आणि कानाला हेडफोन लावलेला अनोळखी माणूस बघून गावकऱ्याला शंका येणं स्वाभाविक आहे. मी नेहमी आधी जाऊन भेटतो, आणि मग शाळेची मुलं बघायला येतात. त्यांना एखादं लांबचं स्टेशन ऐकवा.

हा नुसता छंद आहे असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी: डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांचा गट अंदमानातून हॅम रेडिओ चालवायला पोर्ट ब्लेअरला गेला होता. हॉटेलात स्टेशन मांडलेलं होतं. २६ तारखेला त्सुनामी आली, आणि प्रवासासाठी नेलेल्या त्याच सामानावरून बेटांची खबर मुख्य भूमीवर जात राहिली. पिशवीतली वीस मीटर तार म्हणूनच मला फार मोलाची वाटते.

पाटाचंपाणी

काका, हे माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

वायर आणली, डायपोल झाला. गंगापूर धरणाच्या बाजूला गळाच्या काठीवर चढवला, एसडब्ल्यूआर १.३. सकाळी कोल्हापूर आणि बेळगाव दोघांनीही ५९ (स्पष्ट आणि जोरदार) रिपोर्ट दिला, माझ्याकडे १० वॅट होते. चिमटे काढून २० मीटर लावला, तिकडेही १.५ आहे. आता पुढच्या महिन्यात विमानाने कोलकात्याला जायचंय. बॅटरी कशी न्यायची?

सांताक्लारावासी

अभिनंदन मित्रा!

लिथियमची सुटी बॅटरी चेक-इन सामानात टाकायची नाही, केबिनमध्येच हातात. १०० वॉट-अवरपर्यंत सहसा प्रश्न येत नाही. १०० ते १६० साठी विमान कंपनीची आधी परवानगी लागते. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर. १२.८ व्होल्टची ६ अँपिअर-अवर बॅटरी ७६.८ वॉट-अवर होते. हा आकडा बॅटरीवर छापलेला हवा. घरी जोडलेल्या पॅकवर काहीच लिहिलेलं नसतं आणि तपासणीला तो अडतो, तेव्हा कंपनीचा तयार पॅक ने. दोन्ही टोकांना चिकटपट्टी. तार आणि काठी चेक-इनमध्ये, रिग हातात, लायसन्सची प्रत रिगच्याच पिशवीत.

कोयनाकाठ

आणि काठी नेता आली नाही तरी डायपोल ने, पाटाचंपाणी. गच्चीचा कठडा, पाण्याची टाकी, जिन्याची खोली, कुठेतरी मध्य वर चढतोच. कोलकात्याहून नाशिक दीड हजार किलोमीटरच्या पुढे आहे, तेव्हा दिवसा २० मीटरवर आणि संध्याकाळ झाली की ४० वर बघ. निघायच्या आधी इथे कळव, आम्ही ऐकत राहू. ७३ (आमच्या भाषेत शुभेच्छा).